यामामोतो सेंजी : जपानमधील लैंगिक शिक्षणाचे आद्य पुरस्कर्ते

हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो, स्मरणशक्ती कमी होते, पुढे मूल होत नाही, अशी भीती अनेक तरुण मनात दडवून ठेवतात. शंभर वर्षांपूर्वी जपानमधील तरुणांनाही हीच भीती होती. ती दूर करण्यासाठी धडपडलेल्या एका जीवशास्त्रज्ञाची ही ओळख.

बालपण आणि शिक्षण

यामामोतो सेंजी यांचा जन्म १८८९ मध्ये क्योतो येथे एका ख्रिस्ती व्यापारी कुटुंबात झाला. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती आणि आजारपणामुळे शाळाही सुटली. १९०७ मध्ये ते बागकाम शिकण्यासाठी कॅनडाला गेले. तिथे मिळेल ते काम करत त्यांनी काही वर्षे काढली. १९११ मध्ये परतल्यावर त्यांनी शिक्षण पुन्हा सुरू केले आणि १९२० मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तोक्यो विद्यापीठातून प्राणिशास्त्राची पदवी घेतली.

वर्गात लैंगिक शिक्षण

क्योतोच्या दोशिशा विद्यापीठात ते जीवशास्त्र शिकवू लागले. प्राण्यांच्या प्रजननाबरोबर माणसाच्या लैंगिक जीवनाचीही माहिती ते देत. मुलांना नेमके काय ठाऊक आहे आणि कशाची भीती वाटते, हे आधी समजून घ्यायला हवे, असे त्यांचे मत होते. म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन त्यांच्या लैंगिक अनुभवांची पाहणी केली. बहुतेक तरुण हस्तमैथुन करतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्या काळी जपानमध्ये हस्तमैथुनाचा संबंध मज्जातंतूंच्या दुर्बलतेशी जोडला जाई. त्यासाठीच्या प्रचलित शब्दातच पापाची छटा होती. यामामोतो यांनी त्याऐवजी ‘जिई’, म्हणजे स्वतःला दिलेला दिलासा, हा शब्द वापरला. आज जपानीत तोच शब्द सर्रास वापरला जातो. सवयीपेक्षा तिच्याविषयीची भीती आणि अपराधीपणाच माणसाला जास्त पोखरतो, हे त्यांना ठसवायचे होते.

संततिनियमनाचे काम

१९२२ मध्ये अमेरिकन कार्यकर्त्या मार्गारेट सँगर जपानला आल्या. संततिनियमनावर जाहीर भाषण करायचे नाही, या अटीवरच सरकारने त्यांना देशात येऊ दिले. यामामोतो यांनी क्योतोमध्ये त्यांच्या दुभाष्याचे काम केले आणि त्यांच्या पुस्तिकेचा अनुवादही केला. पोलिसांची नजर चुकवण्यासाठी तिला नाव मात्र टीकाग्रंथाचे दिले. पुढे ते कामगार आणि शेतकरी कुटुंबांना गर्भधारणा टाळण्याचे उपाय समजावून सांगू लागले. गर्भपात हा तेव्हा गुन्हा होता. त्यामुळे लागोपाठच्या बाळंतपणांनी थकलेल्या गरीब स्त्रीला ही माहिती फार मोलाची होती.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. १९२४ मध्ये त्यांचे एक व्याख्यान पोलिसांनी मध्येच थांबवले आणि त्यानंतर क्योतो विद्यापीठातील काम सुटले. १९२६ मध्ये दोशिशातील नोकरीही गेली. १९२८ च्या निवडणुकीत ते कामगार-शेतकरी पक्षातर्फे संसदेवर निवडून आले. विचारस्वातंत्र्यावर घाला घालणाऱ्या कायद्यातील दुरुस्तीला त्यांनी विरोध केला. ५ मार्च १९२९ रोजी ती दुरुस्ती मंजूर झाली आणि त्याच रात्री तोक्योत एका उजव्या गटाच्या माणसाने त्यांची हत्या केली. तेव्हा ते ३९ वर्षांचे होते.

आजची स्थिती

जपानच्या शाळांत हा संकोच अजून संपलेला नाही. पाचवीच्या विज्ञानात गर्भाची वाढ शिकवली जाते. मात्र गर्भधारणा कशी होते, ही प्रक्रिया शिकवू नये, अशी सूचना अभ्यासक्रमात १९९८ पासून आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनाही तिथे १९९९ मध्येच मान्यता मिळाली.

पालकांनी काय लक्षात घ्यावे?

हस्तमैथुन ही सामान्य बाब आहे. त्याने वीर्य ‘संपत’ नाही, अशक्तपणा किंवा वंध्यत्व येत नाही. मात्र त्यामुळे अभ्यास, काम किंवा झोप बिघडत असेल, जखम होत असेल किंवा मन सतत अपराधी राहत असेल, तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. मुलाने असा प्रश्न विचारला तर रागावू नका. आधी त्याला काय ठाऊक आहे ते विचारा. तुम्ही उत्तर दिले नाही तर ते तो दुसरीकडे शोधेल, आणि तिथे खरी माहिती मिळेलच असे नाही.