विश्लेषण : खड्ड्यात उभे राहून स्क्वॉट! पॉल अँडरसनच्या सरावातून आजच्या पॉवरलिफ्टरने काय घ्यावे, काय टाळावे?

खांद्यावर ५४४ किलोचा बार घेऊन बैठक मारणारा माणूस, अशी पॉल अँडरसनची ओळख गेली सहा दशके सांगितली जाते. हा आकडा कोणत्याही स्पर्धेच्या नोंदवहीत नाही. तरीही पॉवरलिफ्टिंगचा सराव कसा करावा, यावर चर्चा सुरू झाली की या अमेरिकी खेळाडूचे नाव येतेच. गंमत म्हणजे अँडरसनने जी पदके मिळवली, ती पॉवरलिफ्टिंगमध्ये नव्हे तर वेटलिफ्टिंगमध्ये. तो ऐन भरात होता तेव्हा स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन प्रकारांचा स्वतंत्र खेळ अजून जन्माला यायचा होता. मग आजचे पॉवरलिफ्टर त्याच्याकडे का पाहतात? त्याची पद्धत नेमकी काय होती? आणि तिच्यातले किती आज उपयोगाचे आहे?

पॉल अँडरसन कोण होता?

अँडरसनचा जन्म १७ ऑक्टोबर १९३२ रोजी अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या टॉकोआ या लहानशा गावात झाला. लहानपणीच त्याला मूत्रपिंडाचा गंभीर विकार झाला. त्या काळी त्याला ब्राइट्स डिसीज म्हणत. मुलगा वाचेल की नाही, अशी परिस्थिती होती. त्यातून तो उठला आणि पुढे शाळेत फुटबॉल (अर्थात अमेरिकी फुटबॉल) खेळू लागला.

या खेळाच्याच शिष्यवृत्तीवर तो साऊथ कॅरोलिनातील फर्मन विद्यापीठात गेला. तिथे वजन उचलण्याची गोडी लागली आणि स्क्वॉट हा त्याचा आवडता व्यायाम झाला. फुटबॉलसाठी पाय मजबूत व्हावेत, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. पण अभ्यासात आणि फुटबॉलमध्ये मन रमेना. विद्यापीठ सोडून तो आई-वडिलांकडे टेनेसी राज्यातल्या एलिझाबेथटन येथे राहायला गेला. जवळच्या जॉन्सन सिटीत त्याला बॉब पीपल्स भेटला.

बॉब पीपल्सकडे काय शिकायला मिळाले?

पीपल्स हा शेतकरी. स्वतःचे वजन साधारण ८१ किलो असताना त्याने १९४९ मध्ये ७२५ पौंड, म्हणजे सुमारे ३२९ किलोची डेडलिफ्ट मारली होती. आजच्या स्पर्धेतही या वजनगटात हा आकडा मोठाच मानला जाईल. पीपल्सकडे तयार साहित्य नव्हते. बार वेगवेगळ्या उंचीवर ठेवता यावा म्हणून त्याने स्वतःच रॅक बनवला. वजन वर उचलून द्यायचे काम ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक यंत्रणेला दिले आणि आपण ते फक्त सावकाश खाली आणायचा सराव केला. कारण स्नायू जेवढे वजन वर उचलू शकतात, त्याहून जास्त वजन नियंत्रणात ठेवून खाली आणू शकतात.

व्यायामाचा नियम आधी समजून घ्यायचा आणि मग हाताशी असलेल्या वस्तूंतून साधन उभे करायचे, ही पीपल्सची रीत होती. अँडरसनने ती उचलली. त्याने काँक्रीट भरलेली पिंपे आणि लोखंडी चाके बारला लावली. प्लेट संपल्या म्हणून सराव थांबला नाही.

खड्डा खणून स्क्वॉट, ही पद्धत नेमकी काय?

बैठकीत सर्वांत अवघड जागा तळाशी असते. मांड्या जमिनीला समांतर येतात तेव्हा कंबर आणि गुडघ्यापासून वजनाची आडवी दूरी सर्वाधिक असते, त्यामुळे सांध्यांवरचा भारही सर्वाधिक असतो. जसजसे आपण वर येतो, तशी ही दूरी कमी होते. म्हणून शेवटच्या वीतभर अंतरात माणूस पूर्ण बैठकीपेक्षा कितीतरी जास्त वजन हलवू शकतो.

अँडरसनने याचाच फायदा घेतला. त्याने जमिनीत खड्डा खणला. बार आणि त्याची वजने खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकलेली असत आणि तो स्वतः खड्ड्यात उभा राही. पाय खोल गेल्यामुळे बार त्याच्या खांद्याच्या जवळपास येई. त्याला थोडेसेच वाकून बार खांद्यावर घ्यायचा आणि सरळ उभे राहायचे, एवढेच काम उरे. या छोट्या अंतरात तो प्रचंड वजन उचलू शके. मग काही दिवसांनी खड्ड्यात थोडी माती टाकायची. पाय वर आले, की त्याच बारसाठी आधीपेक्षा थोडे जास्त वाकावे लागे. वजन तेच, पण अंतर वाढले. असे करत करत खड्डा भरत आणायचा आणि एके दिवशी तेच वजन पूर्ण बैठकीने उचलायचे.

साधारणपणे आपण अंतर कायम ठेवतो आणि वजन वाढवतो. अँडरसनने वजन कायम ठेवून अंतर वाढवले. सरावाचा ताण हळूहळू चढवत न्यायचा, हे सूत्र दोन्हीकडे सारखेच.

एक हिशेब पाहू. ४०० किलो वजन १० सेंटिमीटर उचलले, तर सुमारे ३९२ ज्यूल काम होते. २०० किलो वजन ६० सेंटिमीटर उचलले, तर सुमारे १,१७६ ज्यूल. म्हणजे दुप्पट वजनाच्या अर्धवट बैठकीत पायांनी केलेले काम एक तृतीयांशच आहे. मात्र पाठीच्या कण्यावर येणारा बोजा ४०० किलोचाच असतो. या पद्धतीची ताकद आणि तिचा धोका, दोन्ही या एका हिशेबात आहेत.

दिवसभर सराव आणि दुधाचा खुराक कशासाठी?

अँडरसन तासाभरात सराव उरकून घरी जाणाऱ्यांपैकी नव्हता. एक सेट मारायचा, अर्धा तास किंवा त्याहून जास्त विश्रांती घ्यायची, दूध प्यायचे आणि पुन्हा बारखाली जायचे, असा त्याचा दिवस चाले. व्यायामप्रकार मोजकेच असत आणि स्क्वॉट त्यात सर्वांत वर.

लांब विश्रांतीमागे कारण आहे. जड वजनासाठी स्नायूंना लागणारी तात्काळ ऊर्जा काही सेकंदांत संपते आणि ती भरून यायला काही मिनिटे लागतात. धाप लागलेली असताना पुढचा सेट घेतला, तर दमसास वाढेल, पण त्या सेटमध्ये पूर्ण ताकद लागणार नाही. दिवसभर पसरलेल्या सरावात अँडरसनचा प्रत्येक सेट जवळजवळ ताज्या अंगाने होई. दुधातून त्याला भरपूर उष्मांक आणि प्रथिने मिळत. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास आणि वजन दीडशे किलोच्या घरात, असे त्याचे शरीर या खुराकावर उभे राहिले.

मॉस्को आणि मेलबर्नमध्ये काय घडले?

जून १९५५ मध्ये अमेरिकी वेटलिफ्टिंग संघ मॉस्कोला गेला. शीतयुद्धाचे दिवस होते. गॉर्की पार्कमध्ये पावसाच्या सरींत हजारो प्रेक्षक बसले होते. सोव्हिएत खेळाडू अलेक्सेई मेदवेदेवने प्रेस प्रकारात १५० किलो उचलले. त्यानंतर अँडरसनने बारवर १८२.५ किलो लावायला सांगितले. प्रेक्षकांना ही चेष्टा वाटली, पण त्याने ते वजन डोक्यावर नेले. निसर्गाचा चमत्कार, असे टोपणनाव त्याला तिथेच मिळाले. त्याच वर्षी म्युनिकमध्ये तो ५१२.५ किलोच्या एकूण वजनासह जगज्जेता झाला.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये मात्र तो तापाने फणफणलेला होता. प्रेसमध्ये त्याला १६७.५ किलोच जमले, म्हणजे म्युनिकमधल्या १८५ किलोपेक्षा बरेच कमी. अर्जेंटिनाचा उंबर्तो सेल्वेटी ५०० किलोवर स्पर्धा संपवून बसला होता. अँडरसनला बरोबरी साधण्यासाठी क्लीन अँड जर्कमध्ये १८७.५ किलो हवे होते. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसरा यशस्वी झाला. दोघांचेही ५०० किलो. अँडरसनचे शरीराचे वजन १३७.९ किलो, सेल्वेटीचे १४३.५. हलक्या खेळाडूला वरचे स्थान, या नियमाने सुवर्णपदक अँडरसनला मिळाले.

५४४ किलोचा आकडा अधिकृत का नाही?

ऑलिम्पिकनंतर अँडरसन व्यावसायिक झाला आणि पैसे घेऊन ताकदीचे प्रयोग करू लागला. त्यामुळे हौशी खेळाडूंसाठीच्या स्पर्धांची दारे त्याला बंद झाली. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला तो जाऊ शकला नाही. तिथे सोव्हिएत संघाच्या युरी व्लासोवने ५३७.५ किलोसह सुवर्ण जिंकले.

पुढचे त्याचे सगळे मोठे आकडे या प्रयोगांमधले आहेत. १९५७ मध्ये टॉकोआत त्याने पाठीवर ६,२७० पौंड (सुमारे २,८४४ किलो) उचलल्याची नोंद गिनेस बुकात बरीच वर्षे होती. पुरेसा पुरावा नसल्याने ती पुढे काढली गेली. १,२०० पौंडांच्या, म्हणजे ५४४ किलोच्या स्क्वॉटचेही तसेच. त्याच्या ताकदीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, पण पंच नव्हते.

पॉवरलिफ्टिंगची पहिली जागतिक स्पर्धा १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील यॉर्क येथे झाली आणि पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. त्याच्या नियमानुसार स्क्वॉटमध्ये कंबरेच्या सांध्याजवळचा मांडीचा वरचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या पातळीखाली जावा लागतो. तीन पंचांपैकी किमान दोघांचे पांढरे दिवे लागले, तरच प्रयत्न ग्राह्य. बैठक दोन बोटे वर राहिली, तर आकडा कितीही मोठा असो, खात्यात शून्यच.

शरीराने काय किंमत मोजली?

१९६१ मध्ये अँडरसन आणि त्याची पत्नी ग्लेंडा यांनी जॉर्जियातील व्हिडेलिया येथे वाट चुकलेल्या, तुरुंगाच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांसाठी निवासी केंद्र सुरू केले. ते चालवण्यासाठी पैसा उभा करायचा, तर प्रयोग करणे भाग होते. त्यामुळे वर्षानुवर्षे, गावोगावी, थंड अंगाने आणि मिळेल त्या मंचावर तो वजने उचलत राहिला. स्पर्धेच्या खेळाडूला तयारीचे महिने आणि मग विश्रांतीचे आठवडे मिळतात. अँडरसनला ते मिळाले नाहीत.

लहानपणी दुखावलेली मूत्रपिंडे अखेर निकामी झाली. १९८३ मध्ये बहिणीने दिलेल्या मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १९९४ रोजी, वयाच्या ६१ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच्या खुराकामुळे किंवा वजनामुळेच हे झाले, असे म्हणता येणार नाही, कारण आजार बालपणीचा होता. पण मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा इतिहास असलेल्या खेळाडूने त्याच्या खुराकाची नक्कल डॉक्टरांना न विचारता करू नये, एवढे निश्चित.

आजच्या पॉवरलिफ्टरने काय घ्यावे, काय टाळावे?

घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे मातीचा थर. अँडरसनच्या खड्ड्यात एका वेळी थोडीच माती पडे. आज खड्ड्याची गरज नाही. रॅकच्या पिना वर-खाली करून तेच साधते. पिनांवरून स्क्वॉट, गुडघ्याच्या उंचीवरून डेडलिफ्ट, छातीवर फळी ठेवून बेंच प्रेस हे सगळे त्याच कल्पनेचे भाऊबंद. मात्र अर्धवट अंतराचा सराव हा पूर्ण बैठकीला पूरक आहे. आठवड्यातला मुख्य स्क्वॉट पूर्ण खोलीचाच हवा. कण्यावरचा बोजा लक्षात घेता, पूर्ण बैठकीचे तंत्र पक्के होईपर्यंत नवशिक्याने या वाटेला जाऊ नये. आणि सुरक्षा पिना लावल्याशिवाय तर कोणीच नाही.

दुसरी गोष्ट विश्रांती. जड सेटनंतर तीन ते पाच मिनिटे थांबणे हा आळस नव्हे. मागे रांग लागली म्हणून घाईत मारलेला सेट ताकद वाढवत नाही, तंत्र मात्र बिघडवतो.

तिसरी गोष्ट मेलबर्नची. आजारी अंगाने त्याला आपल्या सर्वोत्तम कामगिरीच्या खूप खाली राहावे लागले, तरी तो हिशेबात टिकून राहिला. पॉवरलिफ्टिंगमध्येही प्रत्येक प्रकाराला तीनच प्रयत्न असतात. एकदा उचलायला घेतलेले वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येत नाही आणि एखाद्या प्रकारात तिन्ही प्रयत्न फसले, तर एकूण वजनच लागत नाही. म्हणून पहिला प्रयत्न असा ठेवावा, की वाईट दिवशीही तो निघेल. सरावात सलग तीनदा नीट जमणारे वजन त्यासाठी योग्य. बरोबरी झाल्यास हलका खेळाडू वर, हा नियम आजही आहे. त्यामुळे वजनकाट्यावरचा आकडाही लिहून ठेवावा.

टाळण्यासारखे म्हणजे थंड अंगाने, दुसऱ्याला दाखवण्यासाठी कमाल वजन उचलणे. अँडरसनकडे त्यासाठी एक कारण होते, व्हिडेलियातल्या मुलांचे जेवण आणि छप्पर. मोबाइल समोर ठेवून, सुरक्षा पिना न लावता, अर्ध्या बैठकीने उचललेल्या वजनाला तसे कोणतेही कारण नसते आणि स्पर्धेत त्याला पांढरा दिवाही मिळत नाही.