मापातले पुण्य

नाताळ जवळ आला की अमेरिकेतील असंख्य घरांमधली स्वयंपाकघरे अवघ्या कुटुंबाची होऊन जातात. ओट्यावर मैदा सांडतो, आले आणि दालचिनी घातलेल्या पिठाची पोळी लाटली जाते, मुले पत्र्याच्या साच्यांनी त्यातून तारे, घंटा आणि देवदूत कापतात आणि भट्टीचे दार उघडण्याची वाट पाहत सारे तिथेच घुटमळत राहतात. या सोहळ्यात सात-आठ वर्षांचे मूलही मोठ्यांच्या बरोबरीने भाग घेऊ शकते, कारण त्याच्या हाती मापाचा पेला असतो. पेला मैद्याने भरायचा, वर आलेला ढीग सुरीने सपाट करायचा आणि मगच तो भांड्यात ओतायचा. ही कृती आज इतकी अंगवळणी पडली आहे की, कधीकाळी ती आग्रहाने शिकवावी लागली होती, याची कोणाला आठवणही राहिलेली नाही. तो आग्रह आयुष्यभर धरणाऱ्या बाईंचे नाव होते फॅनी मेरिट फार्मर.

फॅनी यांचा जन्म २३ मार्च १८५७ रोजी बोस्टन शहरात झाला. वडील जॉन फ्रँकलिन फार्मर हे मुद्रणव्यवसायात होते. घरात चार मुली, त्यांत फॅनी थोरल्या. पुढे हे कुटुंब बोस्टनलगतच्या मेडफर्ड गावी राहू लागले. घरची श्रीमंती नव्हती, परंतु मुलींनी शिकले पाहिजे, असा आई-वडिलांचा कटाक्ष होता. हुशार थोरलीने महाविद्यालयात जावे, ही तर दोघांचीही इच्छा होती.

फॅनी यांच्या बालपणीच्या बोस्टनमध्ये नाताळ हा सण तसा नवाच होता. या प्रांतात वसाहत करणाऱ्या कर्मठ प्युरिटन पंथीयांना नाताळचा जल्लोष मान्य नव्हता. १६५९ साली त्यांनी कायदा करून नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठोठावला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला, तरी त्या सणाविषयीची अढी पुढे कित्येक पिढ्या टिकली. केंद्र सरकारने नाताळची सुट्टी जाहीर केली ती १८७० मध्ये, म्हणजे फॅनी तेरा वर्षांच्या असताना. जर्मन, डच आणि इंग्रज घरांतून आलेल्या प्रथा एकमेकींत मिसळून अमेरिकेचा घरगुती नाताळ आकाराला येत होता, तो याच काळात. नव्या सणाला नवे पदार्थ हवे होते आणि ते करता येतील अशा कृतीही.

वयाच्या सोळाव्या वर्षी फॅनी यांच्यावर आघात झाला. पक्षाघाताच्या झटक्याने त्यांचे चालणे थांबले. हा आजार पोलिओचा असावा, असेही पुढे काही अभ्यासकांनी म्हटले आहे. शाळा सुटली, महाविद्यालयाचे स्वप्न मावळले. ज्या वयात मैत्रिणी शिक्षणाच्या, लग्नाच्या वाटेने पुढे जात होत्या, त्या वयात ही मुलगी घराच्या चार भिंतींत अडकून पडली. काही वर्षांनी त्या पुन्हा चालू लागल्या, पण पायातील अधूपण कायमचे राहिले. त्यांनी लग्न केले नाही. अशा मुलीचे पुढे व्हायचे कसे, हा प्रश्न त्या काळच्या कोणत्याही मध्यमवर्गीय घराला पडावा असाच होता.

उत्तर स्वयंपाकघरात सापडले. घराला हातभार लागावा म्हणून आईने पैसे देऊन राहणारे पाहुणे ठेवण्यास सुरुवात केली. फॅनी स्वयंपाकात लक्ष घालू लागल्या आणि बघता बघता फार्मरांच्या घरचे जेवण पंचक्रोशीत नावाजले गेले. पुढे त्या शॉ नावाच्या कुटुंबात घरकामास मदतनीस म्हणून राहिल्या. त्यांची स्वयंपाकातली गती पाहून शॉबाईंनीच त्यांना बोस्टन पाककला विद्यालयात जाण्याचा सल्ला दिला. फॅनी तेथे दाखल झाल्या तेव्हा त्यांनी तिशी गाठली होती. अर्धवट सुटलेले शिक्षण असे चौदा-पंधरा वर्षांनी, वेगळ्याच वर्गात, पुन्हा सुरू झाले.

हे विद्यालय १८७९ मध्ये स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने स्थापन केले होते. स्वयंपाकाकडे शास्त्र म्हणून पाहण्याची चळवळ तेव्हा जोरात होती. अन्नातील घटक, पचन, स्वच्छता, घरखर्चाचा मेळ हे विषय तिथे शिकवले जात. १८८९ मध्ये फॅनी यांचा अभ्यासक्रम पूर्ण झाला. त्यांची गुणवत्ता पाहून विद्यालयाने त्यांना तेथेच ठेवून घेतले आणि काही वर्षांतच त्या या विद्यालयाच्या प्रमुख झाल्या.

त्या काळातील पाककृती आज वाचल्या, तर त्यांतील मापे कोड्यात टाकणारी वाटतात. अंड्याएवढे लोणी, अक्रोडाएवढी चरबी, वर ढीग येईल इतका चमचाभर सोडा, लागेल तेवढे पीठ. जिने आईच्या, आजीच्या शेजारी उभे राहून हा अंदाज डोळ्यांत भरून घेतला होता, तिला त्यात काही अवघड नव्हते. पण ज्या नव्या संसारात सांगायला वडीलधारे कोणी नव्हते, जी तरुणी गाव सोडून शहरात आली होती, जिच्या घरची मोलकरीण कारखान्यात कामाला निघून गेली होती, तिने काय करावे? आमटी-भाजीत चूक झाली तर ती निस्तरता येते. भट्टीत गेलेल्या पदार्थाला मात्र दुरुस्ती नसते. सोडा जास्त पडला की कडवटपणा, पीठ जास्त झाले की दगडासारखी कुकी. वर्षाकाठी एकदा आणलेले महागडे बेदाणे, अक्रोड आणि लोणी अशा एका चुकीपायी वाया जाई.

मापांचा विचार फॅनी यांच्या आधी झालाच नव्हता, असे नाही. याच विद्यालयाच्या पहिल्या प्रमुख मेरी लिंकन यांनी १८८४ च्या आपल्या ग्रंथात मापांचा नेटका विचार केला होता. फॅनी यांनी हा विचार शेवटापर्यंत नेला. पेला म्हणजे अर्ध्या पिंटाचा, ज्यावर चतुर्थांशाच्या आणि तृतीयांशाच्या खुणा आहेत असा. मैदा आधी चाळून घ्यायचा, मग पेल्यात हलकेच भरायचा, पेला आपटायचा नाही आणि वरचा भाग सुरीने सपाट करायचा. चमचाही तसाच सपाट. अर्धा चमचा हवा असेल, तर भरलेल्या चमच्याच्या मधोमध लांबीच्या दिशेने सुरी फिरवायची; पाव हवा असेल, तर त्या अर्ध्याचे आडवे दोन भाग करायचे. तीन लहान चमचे म्हणजे एक मोठा, सोळा मोठे चमचे म्हणजे एक पेला. चमच्याच्या आठव्या हिश्शाहून कमी जे उरे, त्याला त्यांनी काही कण असे नाव दिले. चिमटीला असे मोजमाप मिळाले. पुढे लोक त्यांना समपातळी मापांची जननी म्हणू लागले.

हे सारे १८९६ मध्ये ग्रंथरूपाने आले. 'द बोस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक' या नावाच्या त्या पुस्तकात अठराशेहून अधिक कृती होत्या. लिटल, ब्राउन या प्रकाशनसंस्थेला मात्र त्याच्या खपाची खात्री वाटत नव्हती. पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च लेखिकेने सोसावा, अशी अट घालण्यात आली. फॅनी यांनी ती मान्य केली. प्रकाशकाच्या या सावधगिरीचा उलटा लाभ झाला तो त्यांनाच. पुस्तकाचे हक्क त्यांच्याकडे राहिले, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि अधू पायाची ही मुलगी स्वतःच्या कमाईवर सुखवस्तू झाली.

या पुस्तकात नाताळच्या मेजवानीचा बेत होता. भाजलेला हंस, प्लम पुडिंग आणि त्यांच्या जोडीला केक आणि मिठाया. जिंजरब्रेड, कुकी आणि वेफर यांना तर स्वतंत्र प्रकरण दिलेले होते. काकवी घातलेल्या कुकी, आल्याचे कुरकुरीत जिंजर स्नॅप, बेदाणे आणि अक्रोड घातलेल्या बोस्टन कुकी, असे कितीतरी प्रकार त्यात होते. ब्राउनी हे नावही १८९६ च्या आवृत्तीत आढळते, पण तेव्हा ते काकवी आणि पेकन घातलेले छोटे केक होते. १९०६ च्या सुधारित आवृत्तीत चॉकलेटची ब्राउनी आली, आणि छापील स्वरूपातील अगदी सुरुवातीच्या चॉकलेट ब्राउनींमध्ये तिची गणना होते.

केवळ मापे देऊन त्या थांबल्या नाहीत, त्यामागचे कारणही सांगत गेल्या. जिंजर स्नॅपसाठी काकवी उकळून ती लोण्यावर किंवा चरबीवर ओतायची, चाळलेला मैदा, सोडा, आले आणि मीठ घालून पीठ भिजवायचे आणि ते चांगले गार होऊ द्यायचे. लाटायला थोडाच गोळा घ्यायचा, बाकीचे पीठ गार जागी ठेवायचे. ते कोमट झाले की चिकटू लागते; चिकटू नये म्हणून बाई वरून आणखी मैदा घेते; आणि त्या जादा मैद्याने कुकी खुसखुशीत होण्याऐवजी कडक होते. आपले नेमके काय चुकले, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारे पुस्तक हाती येणे, ही त्या काळच्या गृहिणीसाठी मोठीच सोय होती.

भट्टीचा प्रश्न याहून बिकट होता. कोळशाच्या किंवा लाकडाच्या बिडाच्या शेगडीला तापमान दाखवणारा काटा नसे. आत हात धरून किंवा कागद किती वेळात तांबूस होतो हे पाहून धग ओळखावी लागे. इथे पेला-चमचा कामाचा नव्हता. तेव्हा फॅनी यांनी वेळेचेच माप केले. केक भाजण्याच्या वेळेचे त्यांनी चार भाग पाडले. पहिल्या भागात केक फुगू लागला पाहिजे, दुसऱ्यात तो फुगत राहून त्यावर रंग चढू लागला पाहिजे, तिसऱ्यात रंग पक्का झाला पाहिजे आणि चौथ्यात भाजणे पुरे होऊन तो भांड्याच्या कडा सोडू लागला पाहिजे. या खुणा पटत गेल्या, तर भट्टी बरोबर आहे. घड्याळ आणि डोळे एवढ्यावर नवशिकीलाही भट्टी राखता येऊ लागली.

१९०२ मध्ये त्यांनी बोस्टनमध्येच मिस फार्मर्स स्कूल ऑफ कुकरी ही स्वतःची शाळा काढली. तिचा रोख घरी रांधणाऱ्या स्त्रियांवर आणि रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांवर होता. त्यांच्या प्रात्यक्षिकांना गर्दी लोटे आणि त्यांतील कृती वर्तमानपत्रांत छापून येत. धाकटी बहीण कोरा हिच्या साथीने त्यांनी 'वुमन्स होम कम्पॅनियन' या मासिकातील स्तंभ सुमारे दहा वर्षे चालवला.

परंतु केक-कुकींनी मिळवून दिलेल्या कीर्तीपेक्षा त्यांना अधिक मोलाचे वाटे ते आजाऱ्यांच्या अन्नाचे काम. १९०४ मध्ये रुग्णांच्या आणि आजारातून उठणाऱ्यांच्या आहारावरचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आजाऱ्याला वाढायचे ताट लहान असावे, त्यातील पदार्थ थोडे पण देखणे असावेत, पाहूनच खावेसे वाटावे, याकडे त्यांचा कटाक्ष होता. मधुमेहींच्या आहाराचाही त्यांनी विचार केला. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांची या विषयावर व्याख्याने झाली. ज्या बाईंचे महाविद्यालयाचे स्वप्न अंथरुणावर विरले होते, त्या आता भावी डॉक्टरांपुढे उभ्या राहून बोलत होत्या. ऐन तारुण्यातली कित्येक वर्षे ज्यांनी आजारपणात काढली, त्यांना रुग्णाच्या ताटाची किंमत कोणी सांगावी लागली नसावी.

अखेरच्या वर्षांत पक्षाघाताने त्यांना पुन्हा गाठले. चालणे थांबले, तरी शिकवणे थांबले नाही. चाकांच्या खुर्चीत बसून त्यांची व्याख्याने सुरूच राहिली. शेवटचे व्याख्यान त्यांनी मृत्यूच्या अवघे दहा दिवस आधी दिले. जानेवारी १९१५ मध्ये, नाताळ उलटून काही आठवडे होतात न होतात तोच, वयाच्या ५७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंब्रिज येथील माउंट ऑबर्न दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यांची शाळा १९४४ पर्यंत चालली. पुस्तकाच्या सुधारित आवृत्त्या आधी बहीण कोरा आणि नंतर भाच्याची पत्नी विल्मा लॉर्ड पर्किन्स यांनी काढल्या. पुढे त्या ग्रंथाच्या नावातच फॅनी फार्मर हे नाव आले. आजवर त्याच्या लाखो प्रती खपल्या आहेत. १९१९ मध्ये निघालेल्या एका मिठाई कंपनीने तर, त्यांचा त्या व्यवसायाशी काडीचाही संबंध नसताना, त्यांच्या नावाचा आधार घेतला. विश्वासाचे दुसरे नाव म्हणून लोक त्यांच्या नावाकडे पाहत, याचीच ही पावती होती.

नेमक्या मापांनी हाताची चव हरवली, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण हाताची चव लाभायला शिकवणारा एक हात आधी लाभावा लागतो. ज्यांना तो लाभला नाही, त्यांच्यासाठी फॅनी फार्मर यांनी पेला आणि चमचा पुढे केला. म्हणूनच नाताळच्या आदल्या संध्याकाळी, कधीही भट्टीजवळ न गेलेले एखादे मूल मैदा सपाट करून भांड्यात ओतते आणि अर्ध्या तासाने त्याच्याही कुकी खुसखुशीत निघतात.