खराटा आणि गाडगे

२००५ साली आपल्या विद्यापीठाला ज्यांचे नाव मिळाले, त्या गाडगेबाबांनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. आणि उद्या आपल्या पदवीपत्रावर येणारे हे नाव तरी त्यांचे कुठे होते? ते पडले हातातल्या मातीच्या एका भांड्यावरून.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परिटाच्या घरी जन्म. वडील दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला आली. आमच्या कारंज्याहून तो मुलूख काही लांब नाही. १९९८ मध्ये वाशीम वेगळे होईपर्यंत तर जिल्हाही एकच, अकोला. तीच काळी माती, तीच ज्वारी. डेबू मामाची गुरे राखी, पुढे नांगरही धरू लागला. मामाला वाचता येत नव्हते. सावकाराच्या कागदावर तो अंगठा उमटवीत गेला आणि एके दिवशी शेत गेले. हे वाचताना मला पुढे वाचवेना. आमच्या घरात कागदावर सही करणारी मीच पहिली.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या २९ व्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि गाडगे. त्याच भांड्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे. पुढे खराट्याची जोड मिळाली. गावात शिरले की रस्ते झाडायचे, केलेल्या कामाची भाकरी मागून घ्यायची आणि रात्री कीर्तन. कीर्तनात तरी काय? लोकांना प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढायची. कर्ज काढू नका, दारू पिऊ नका, देवापुढे बकरे कापू नका, मुलांना शिकवा. सांगणे इतकेच, पण पन्नास वर्षे ते बदलले नाही आणि हातातला खराटाही सुटला नाही. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या करणाऱ्या या माणसाच्या गरजा कधी वाढल्या नाहीत, याचे मला सर्वांत नवल वाटते.

पण मित्रांनो, मी मुलगी आहे, तेव्हा मला कुंताबाईंविषयी विचारल्यावाचून राहवत नाही. बाबा निघून गेले तेव्हा घरात ही तरुण पत्नी होती, लेकरे होती, म्हातारी आई होती. त्यांचा आधार कोण? पुढे बाबा पूर्णाकाठच्या ऋणमोचनाच्या यात्रेला येत, तेथे त्यांनी घाट बांधविला. घरची माणसे मात्र तेथेच साध्या झोपडीत राहिली. धर्मशाळेचा पैसा लोकांचा, त्यावर आपल्या नातलगांचा हक्क नाही, हा त्यांचा दंडक होता. १९२३ साली मुलगा गोविंदा गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन थांबले नाही. चरित्रकार याला वैराग्य म्हणतात. असेलही. माझ्या आईला हे सांगितले तेव्हा ती भाकरी थापायची थांबली आणि त्या बाईने एकटीने कसे सोसले असेल, एवढेच म्हणाली. मला आईचे म्हणणे खोडून काढता आले नाही, आणि काढायचेही नाही.

तरीही घर सोडलेल्या या माणसाने आयुष्यभर बांधली ती परक्यांसाठी घरेच. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. ज्यांना देवळाच्या पायरीवर चढू देत नव्हते त्यांच्यासाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली केली. या धर्मशाळांत डोक्यावर छप्पर आणि स्वयंपाकाला भांडी मिळत. दूरच्या गावी गेलेल्या गरिबाला आणखी काय हवे असते?

६ डिसेंबर १९५६ ला आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ बाबांनीही देह ठेवला.

आमच्या गल्लीतले एक काका गळ्याच्या आजारासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात गेले होते. काकू आणि ते दादरला बाबांच्या नावाच्या धर्मशाळेत राहिले. परत आल्यावर मी काकूंना मुंबई कशी आहे म्हणून विचारले. त्यांनी समुद्राचे नाव काढले नाही. तिथला जिना रोज वेळेवर झाडलेला असतो, हे मात्र त्या दोनदा सांगत होत्या.