ब्लॉकची पारख : ब्रूस मॅकलारेन

'मॅकलारेन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फॉर्म्युला वनची नारिंगी गाडी येते. पण हे आधी एका माणसाचं आडनाव होतं, आणि तो माणूस कधीकाळी आपल्यासारखाच इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. रेसर म्हणून त्याच्यावर खूप लिहिलं गेलं आहे. इथे आपण त्याच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहू. खिशात पैसे मोजके आणि गाडी मात्र वेगवान हवी, अशा वेळी इंजिनचा ब्लॉक कुठला निवडायचा? हा प्रश्न ब्रूसला आयुष्यभर पुरला. त्याने तो कधी अचूक सोडवला, तर कधी सपशेल चुकवला.

गॅरेजमधलं बालपण

ब्रूसचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ चा, न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा. वडिलांचा पेट्रोल पंप आणि त्याला लागूनच वर्कशॉप. वयाच्या नवव्या वर्षी त्याला पर्थेस नावाचा खुब्याचा आजार झाला. जवळजवळ दोन वर्षं पाय ताणून बांधलेल्या अवस्थेत तो रुग्णालयात पडून होता. बरा झाला, पण डावा पाय थोडा आखूड राहिला आणि चालीतला लंगडेपणा कायमचा सोबतीला आला.

पुढे वडिलांनी एक जुनी ऑस्टिन सेव्हन अल्स्टर सुट्या भागांत विकत आणली. ७४७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, क्रँकशाफ्ट फक्त दोन बेअरिंगवर. गाडी जोडता जोडता पोरगा शिकला, आणि १९५२ मध्ये, चौदाव्या वर्षी, त्याच गाडीने पहिल्या स्पर्धेत उतरला. नंतर त्याने ऑकलंड विद्यापीठात इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. पण १९५८ मध्ये न्यूझीलंडच्या होतकरू ड्रायव्हरला युरोपात पाठवण्याच्या योजनेत त्याची निवड झाली आणि पुस्तकं तशीच राहिली. १२ डिसेंबर १९५९ रोजी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने कूपर गाडीतून अमेरिकन ग्रां प्री जिंकली. कूपरच्या टीममध्ये त्याचा सीनियर होता जॅक ब्रॅबहॅम. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हलका ब्लॉक

१९६३ मध्ये ब्रूसने स्वतःची कंपनी काढली. माणसं बोटांवर मोजण्याइतकी, जागा म्हणजे लंडनजवळची एक अंधारी शेड. १९६४ मध्ये त्याने अमेरिकेतून 'झेरेक्स स्पेशल' ही वापरलेली रेसिंग गाडी घेतली. तिच्यात चार सिलिंडरचं २.७ लिटरचं क्लायमॅक्स इंजिन होतं. ते खास रेसिंगचं, त्यामुळे महागडं, आणि त्यातून आणखी ताकद काढायला फारसा वाव उरला नव्हता.

ब्रूसने ते काढून तिथे ओल्डस्मोबिल एफ-८५ या अमेरिकन घरगुती गाडीचं व्ही-८ इंजिन बसवलं. मूळ क्षमता साडेतीन लिटर. ते वाढवून ३.९ लिटर केलेलं होतं. खुबी अशी की ब्लॉक ॲल्युमिनियमचा होता. अख्खं इंजिन दीडशे किलोच्या आतबाहेर! रस्त्यावरच्या गाडीचं असल्याने खास रेसिंग इंजिनापेक्षा स्वस्तही. त्याच वर्षी या गाडीने कॅनडातल्या मॉसपोर्टची शर्यत मारली. मग आली त्याची स्वतःची पहिली स्पोर्ट्स गाडी, एम १ ए. तिच्यातही हाच ब्लॉक होता.

भिंत आडवी आली

आता खरी गोम इथे आहे. ताकद वाढवायची तर बोअर वाढवायचा किंवा स्ट्रोक. बोअर वाढवला की सिलिंडरची भिंत पातळ होते. ओल्डस्मोबिलचा ब्लॉक मुळातच छोटा. तो साडेचार लिटरपर्यंत ताणला गेला आणि पुढे वाट अरुंद झाली. समोरचे गडी शेवरले व्ही-८ घेऊन येत होते. ते बिडाचं, सुमारे शंभर किलोने जड, पण त्यात साडेपाच-सहा लिटर आरामात मावत. ब्रूस हलक्या इंजिनाला बराच काळ चिकटून राहिला. त्याचं गणित वेडगळ नव्हतं. वजन कमी तर ब्रेक, टायर, वळण सगळ्यालाच फायदा. पण लांब सरळ रस्त्यावर लिटर जिंकत होते.

१९६६ मध्ये अमेरिका-कॅनडात कॅन-ॲम मालिका सुरू झाली. इंजिन किती मोठं असावं यावर बंधनच नाही! ब्रूसने शेवटी शेवरले घेतलं. तरी पहिल्या मोसमात त्याच्या टीमला एकही विजय मिळाला नाही. विजेता ठरला जॉन सर्टीज, आणि त्याच्या लोला गाडीतही शेवरलेच होतं. म्हणजे ब्लॉक बरोबर होता, भोवतालची गाडी कमी पडली. १९६७ साठी नवी गाडी आली, एम ६ ए. इंजिन ५.९ लिटर, कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन, आणि मोसमाआधी भरपूर टेस्टिंग. सहापैकी पाच शर्यती टीमच्या खिशात, ब्रूस चॅम्पियन.

एकच ब्लॉक, दोन मित्र

त्याच १९६६ साली फॉर्म्युला वनमध्ये नियम बदलला. दीड लिटरची मर्यादा तीन लिटर झाली आणि सगळ्यांचीच इंजिनासाठी पळापळ सुरू झाली. ब्रूसने फोर्डचं इंडियानापोलिसचं ४.२ लिटर इंजिन घेऊन ते तीन लिटरवर उतरवलं. कागदावर भारी वाटतं ना? पण क्षमता कमी केली म्हणून ब्लॉकचं वजन त्याच प्रमाणात कमी होत नाही. सांगाडा मोठ्या इंजिनाचा आणि ताकद लहान इंजिनाची, अशी गत झाली. मध्ये इटालियन सेरेनिसिमा इंजिनही लावून पाहिलं. वर्षअखेर हाती आले फक्त तीन गुण.

आणि ब्रॅबहॅमने काय केलं? त्याने ऑस्ट्रेलियातल्या रेप्को कंपनीकडून इंजिन बनवून घेतलं, आणि त्याचा पाया होता तोच ओल्डस्मोबिलचा ॲल्युमिनियम ब्लॉक! ताकद तीनशे हॉर्सपॉवरच्या आसपास, फार नाही, पण हलकं आणि साधं. ब्रॅबहॅम १९६६ चा जगज्जेता झाला. कॅन-ॲममध्ये जो ब्लॉक ब्रूसला अपुरा पडला, तोच तीन लिटरच्या फॉर्म्युला वनमध्ये मापात बसला. एखादा ब्लॉक नुसता 'चांगला' नसतो, तो कुठल्यातरी कामासाठी चांगला असतो, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार?

सोन्याचे दिवस

१९६६ मध्येच ब्रूसने ख्रिस एमॉनबरोबर फोर्डच्या सात लिटरच्या गाडीतून ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. १९६८ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही इंजिन इतर टीमनाही विकत मिळू लागलं. ब्रूसने ते घेतलं आणि ९ जूनला बेल्जियममध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीतून ग्रां प्री जिंकली. पुढे असलेल्या स्टुअर्टचं पेट्रोल शेवटी संपलं होतं. आपण जिंकलो हे ब्रूसला गाडी थांबल्यावर कळलं!

कॅन-ॲमसाठी आता सात लिटरचा शेवरले ब्लॉक आला, आणि तोही ॲल्युमिनियमचा. सहाशेहून जास्त हॉर्सपॉवर. हलकेपणा की लिटर, हा जुना वाद एकाच ओतकामात मिटला. १९६९ मध्ये अकरापैकी अकरा शर्यती टीमने जिंकल्या. सहा ब्रूसने, पाच त्याचा देशबंधू डेनी हल्मने.

२ जून १९७० रोजी इंग्लंडमधल्या गुडवुडला ब्रूस नव्या एम ८ डी ची टेस्ट घेत होता. सरळ रस्त्यावर प्रचंड वेगात मागचं बॉडीवर्क निसटलं, गाडी ताब्याबाहेर गेली आणि मार्शलच्या चौकीवर आदळली. ब्रूस जागीच गेला. वय ३२. मागे पत्नी पॅट आणि लहानगी अमांडा. बारा दिवसांनी मॉसपोर्टला टीम उभी राहिली. हल्मचे हात आधीच्या अपघातात भाजलेले होते, तरी तो धावला. ब्रूसच्या जागी बसलेल्या डॅन गर्नीने शर्यत जिंकली. त्या वर्षीचा किताबही टीमकडेच राहिला.

आपल्यासाठी

फायनल इयरला गाडी बनवणारा ग्रुप असो की भंगारवाल्याकडून इंजिन उचलून आणणारे उत्साही, हॉर्सपॉवरच्या आकड्याआधी काही प्रश्न विचारायलाच हवेत. ब्लॉकचं वजन किती? सिलिंडरच्या भिंतीत बोअरिंगला जागा किती शिल्लक आहे? पार्ट आपल्या गावात मिळतात का? नियमाने दिलेल्या क्षमतेच्या तो किती जवळ आहे? आणि ब्लॉक बसवल्यावर उरलेल्या गाडीसाठी पैसा आणि वेळ उरतो का? एम ६ ए जिंकली ती या शेवटच्या प्रश्नावर. आणि हो, बॉनेटचे क्लिप आणि नटबोल्ट टेस्टला निघण्याआधी दोनदा तपासा. इंजिन कितीही बळकट असलं तरी आत माणूस बसलेला असतो.