नास्तिकाशी वाद करावा काय?
(टेंभूच्या गोपाळराव आगरकरांचे चरित्र)

वारीच्या वाटेवर दरसाल एखादा तरी असा गडी भेटतो, की जो पायी चालतो, पंगतीला बसतो, थकल्या म्हाताऱ्याची पडशीही खांद्यावर घेतो, पण देवाचं नाव निघालं की हसतो. मग मुक्कामावर वाद पेटतो. कोणी त्याला पुराणातले दाखले देतो, कोणी रागावून उठून जातो. घरोघरीही हीच तऱ्हा. शिकून आलेला मुलगा एकादशी मोडतो आणि माळकरी बाप त्याच्याशी बोलायचं टाकतो. अशा माणसाची समजूत घालावी काय? आणि त्याने आपली समजूत घालू पाहिली तर ती ऐकून घ्यावी काय?

या प्रश्नाचा विचार करताना कै. गोपाळ गणेश आगरकर यांचे चरित्र डोळ्यांपुढे येते. हरिभक्तांच्या मासिकात नास्तिकाचे चरित्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, शेवटपर्यंत वाचा आणि मग काय ते ठरवा.

कऱ्हाडजवळ कृष्णाकाठी टेंभू म्हणून गाव आहे. आज ते नाव पाण्याच्या योजनेमुळे दुष्काळी तालुक्यांत सर्वांच्या तोंडी आहे. त्या गावी १४ जुलै १८५६ रोजी आगरकरांचा जन्म झाला. घरी अठराविसे दारिद्र्य. शिक्षणासाठी पोराने कऱ्हाड पाहिले, रत्नागिरी पाहिली, आणि रत्नागिरीला तो गेला तो पायी. वाटखर्चाला पैसा कुठला? मधे कचेरीत उमेदवारी केली, पुढे अकोल्यास नातलगांच्या आधाराने राहून १८७५ साली मॅट्रिक झाला आणि पुण्यास डेक्कन कॉलेजात आला. तिथे अंगात घालायला एकच सदरा. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून वर्गात जायचं. वारकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको.

कॉलेजात त्यांना बाळ गंगाधर टिळक भेटले. देशासाठी काय करावे यावर दोघांची बोलणी रात्र रात्र चालत. मोठ्या पगाराची सरकारी नोकरी दोघांनाही सहज मिळाली असती. पण आगरकरांनी आईला पत्र लिहून कळवले, की मुलाच्या पदव्या पाहून तिने सुखाचे दिवस येतील अशी आशा धरू नये, पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामी घालवायचे त्याने ठरवले आहे. दारिद्र्यात वाढवलेल्या मुलाचे असे पत्र वाचून त्या माउलीला काय वाटले असेल!

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८८० साली काढलेल्या न्यू इंग्लिश स्कूलात आगरकर लवकरच येऊन मिळाले. १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या प्रकरणात १८८२ साली टिळकांना व त्यांना शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात दोघांनी १०१ दिवस एकत्र काढले. पुढे १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

इथवर दोघे खांद्याला खांदा लावून चालले. पुढे वाटा फुटल्या.

आगरकरांनी मिल्ल, स्पेन्सर वगैरे इंग्रज पंडितांचे ग्रंथ वाचले होते. जे बुद्धीला पटत नाही ते मानायचे नाही, असा त्यांचा बाणा. देवाची कल्पना माणसाच्या मनात भीतीतून, स्वप्नांतून आणि मेलेल्या पूर्वजांच्या आठवणींतून कशी वाढत गेली असावी, यावरही त्यांनी लिहिले. पण खरं पाहता त्यांच्या लेखणीचा रोख देवापेक्षा रूढीवर जास्त होता. आठ-दहा वर्षांच्या मुलींची लग्ने, बालविधवांचे केशवपन, बायकांना विद्येची बंदी, या गोष्टींनी त्यांच्या जिवाची तगमग होई. ‘केसरी’त हे मोकळेपणी लिहिता येईना, म्हणून १८८७ साली त्यांनी ते पत्र सोडले आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढले.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करायचे, एवढीच ती गोष्ट. सुधारणा लोकांची समजूत घालूनच व्हावी, परक्या सरकारने त्यात पडू नये, असे टिळकांचे म्हणणे. समजूत पटेपर्यंत किती मुलींचे हाल पाहायचे, असा आगरकरांचा सवाल. जन्मभर लोकांची समजूत घालण्यासाठी झिजलेल्या माणसाला, समजुतीची वाट लांब आहे हे असे कबूल करावे लागले. दोघा मित्रांत फार कडू लिहिणे झाले, बोलणेही राहिले नाही.

आणि आपल्यासारख्या देवधर्म मानणाऱ्या लोकांनी काय केले? पुण्यातल्या काही मंडळींनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, आणि तीही त्यांच्या घरावरून. घरात बायको-मुले होती. दमेकरी माणसाने आपल्याच मरणाचा तमाशा डोळ्यांनी पाहिला. वाचकहो, एक सांगा, त्या तिरडीने आगरकरांचा कोणता मुद्दा खोडला गेला? त्यांच्या लेखाला उत्तर द्यायचं, तर लेखाने द्यावं. तिरडी बांधणाऱ्यांनी फक्त आपल्याजवळ उत्तर नाही एवढंच गावाला दाखवलं.

न्यायाने बोलायचं तर आगरकरांची लेखणीही जहाल होती. सोवळे, श्राद्ध, शेंडी यांची ते अशी काही टर उडवीत, की वाचणाऱ्या भाविकाच्या काळजाला घरे पडत. घायाळ झालेला माणूस ऐकत नसतो. विधवेच्या दुःखाविषयी त्यांनी लिहिले ते कित्येकांच्या मनात उतरले, टर उडवली तिने मात्र कोणाचा देव्हारा हलला असेल असे वाटत नाही. हा धडा दोन्ही बाजूंनी घेण्यासारखा आहे.

आता या चरित्रातली जी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते, ती सांगतो. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई जुन्या वळणाच्या, श्रद्धाळू. देवपूजा, व्रतवैकल्ये करणाऱ्या. नवरा साऱ्या महाराष्ट्राला बुद्धिवाद शिकवणारा, आणि त्याच्याच घरात देवापुढे निरांजन! त्या काळी नवऱ्याचा शब्द म्हणजे हुकूम. आगरकरांनी डोळे वटारले असते तर देव्हारा एका दिवसात माळ्यावर गेला असता. पण त्यांनी आपली मते बायकोवर लादली नाहीत. जगाशी वाद घातला, कारण जग त्यांना उत्तर देऊ शकत होते. जिथे आपला शब्द वाद न होता हुकूम झाला असता, तिथे त्यांनी हात आखडला. एकादशी मोडणाऱ्या मुलाशी अबोला धरणाऱ्या बापाने ही गोष्ट मनाशी घोळवावी.

१८९२ साली आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, पण दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती, तोच ते गेले. असे सांगतात, की आपल्या क्रियेसाठी लागणारे थोडे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, मागे बायकोला कोणापुढे हात पसरायला लागू नये म्हणून. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. एरवी सपाट्याने लिहिणाऱ्या त्या माणसाला तो लेख पुरा करायला तासन्‌तास लागले, डोळ्यांचे पाणी खळेना, असे सांगतात. टिळक आस्तिकच राहिले, पुढे त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. आगरकर अखेरपर्यंत आपल्या मतावर राहिले. जन्मभर वाद झाला, आणि कोणीच कोणाला वळवले नाही. मग तो वाद फुकट गेला काय? मुली शाळेत गेल्या, विधवांचे केस वाचले, बालविवाह पाप वाटू लागला. आज ज्या माळकरी घरात लेक शिकते, तिथे या नास्तिकाचे थोडे ऋण आहे.

आपल्याकडे एक सवय आहे. असा सज्जन नास्तिक वारला, की आपण म्हणतो, तो आतून भक्तच होता हो! हे बोलणे गोड, पण खरे नव्हे. आगरकर देव मानीत नव्हते. त्यांनी तसे स्वच्छ सांगितले आणि त्याची किंमत मोजली. मेल्यावर त्यांच्या गळ्यात माळ घालणे हीसुद्धा एक तऱ्हेची तिरडीच. जिवंतपणी ऐकले नाही, मेल्यावर बोलू दिले नाही!

मग वाद करावा की न करावा? मला वाटते, बोलावे जरूर. आपल्याला जे अमृत वाटते ते दुसऱ्याला देऊ नये, हे कसले प्रेम? पण ऐकण्याची तयारी ठेवून बोलावे, आणि जिथे आपला दाब पडतो तिथे गप्प बसावे. पैठणचे नाथमहाराज गोदेवर स्नान करून येताना एक जण अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला. नाथांनी त्याच्याशी वाद घातला नाही, शापही दिला नाही, तितक्या वेळा पुन्हा स्नान केले. शेवटी लाजला तो थुंकणारा. देव आहे याचा याहून मोठा पुरावा वारकऱ्याजवळ नाही, आणि नास्तिकाला तपासून पाहता येईल असाही हाच एक.

तेव्हा पुढल्या वारीत तो हसणारा गडी भेटला, तर त्याला पंगतीत शेजारी बसवा. त्याचे म्हणणे नीट ऐका. त्याने म्हाताऱ्याची पडशी उचलली असेल, तर दुसरी आपण उचला. उरलेलं बोलणं वाट चालता चालता होईल. पंढरी अजून लांब आहे.

राम कृष्ण हरि.