प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद (मृत्यू : इ.स. १९०६) हे एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे शेअर दलाल, कापूस व्यापारी व दानशूर होते. १८६३ ते १८६५ या काळातील मुंबईच्या शेअर सट्ट्याचे ते प्रमुख सूत्रधार मानले जातात.

पूर्वायुष्य

त्यांचा जन्म सुरतेतील एका जैन कुटुंबात झाला. शिक्षण मुंबईत झाले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे पहिले देशी दलाल असा त्यांचा उल्लेख केला जातो. यामुळे युरोपीय पेढ्या आणि देशी सावकार या दोहोंशी त्यांना थेट व्यवहार करता येई.

कापूस आणि शेअर सट्टा

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. मागणी भारताकडे वळली. आजचा यवतमाळ जिल्हा ज्यात मोडतो त्या वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ पर्यंत पूर्ण झालेला नसल्याने वऱ्हाडच्या अंतर्भागातील माल बैलगाड्यांनीच वाहावा लागे. तरीही भाव इतके चढले की मुंबईत पैशाचा पूर आला, आणि तो नव्या बँका, वित्तसंस्था व भराव कंपन्यांच्या शेअरांत गुंतू लागला.

१८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेला शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. प्रेमचंद यांचे बँकेत मोठे वजन होते. शेअर तारण ठेवून कर्ज काढावे, त्यातून आणखी शेअर घ्यावेत, भाव चढला की पुन्हा कर्ज काढावे, असे चक्र सुरू झाले. बॅक बे भराव कंपनीचा ५,००० रुपये दर्शनी किमतीचा शेअर ५०,००० रुपयांच्या घरात गेला.

समुद्र हटवून जमीन मिळवण्याची कल्पना पोकळ नव्हती. पुढे विसाव्या शतकात त्याच किनाऱ्यावर मोठा भराव झाला. दोष किमतीत होता. कंपनीने दर्शनी किमतीवर दहा टक्के लाभांश दिला असता, तरी ५०,००० रुपये मोजणाऱ्याला वर्षाला ५०० रुपये, म्हणजे अवघा एक टक्का परतावा मिळाला असता. तेव्हा खरेदीदारांची सारी भिस्त आपल्याहून अधिक भाव देणारा कोणी भेटेल यावरच होती.

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपल्याची वार्ता येताच कापूस कोसळला. १ जुलै १८६५ रोजी मुदतीच्या सौद्यांचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली, तेव्हा असंख्य व्यापारी दिवाळखोर झाले. बँक ऑफ बॉम्बेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० वर पोचला होता, तो ८७ रुपयांवर आला. शिखरावर घेणाऱ्याचे सुमारे ९७ टक्के भांडवल बुडाले. दर्शनी किमतीला घेणाऱ्याचेही ८३ टक्के गेले. संस्था तीच, तोट्याचे प्रमाण मात्र खरेदीच्या भावानुसार बदलले. पुरातत्त्वज्ञ डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानांचीही या सट्ट्यात मोठी हानी झाली. बँक १८६८ मध्ये मोडीत निघाली व तिच्या जागी नवी बँक उभी राहिली.

उत्तरायुष्य आणि देणग्या

प्रेमचंद स्वतःही दिवाळखोरीत गेले. पुढे त्यांनी व्यवसायात पुन्हा जम बसवला, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. १८७५ मध्ये मुंबईतील देशी दलालांची संघटना स्थापन झाली. तीच पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून प्रसिद्धीस आली. तिच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

भरभराटीच्या काळात, १८६४ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे नाव देण्यात आले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला हा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये, म्हणजे सट्टा कोसळल्यानंतर तेरा वर्षांनी, पूर्ण झाला. कलकत्ता विद्यापीठातील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांच्याच देणगीतून सुरू झाली. त्यांचे चरित्र सर दिनशा वाच्छा यांनी लिहिले असून ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले.