देशाच्या उत्पन्नाचा हिशेब

इंग्रजी अमलाखाली हिंदुस्थान संपन्न होत आहे, असे राज्यकर्ते सांगत. हे म्हणणे गणिताच्या कसोटीवर तपासून पाहिले ते दादाभाई नौरोजी यांनी.

दादाभाईंचा जन्म मुंबईतील एका गरीब पारशी कुटुंबात १८२५ साली झाला. बालपणीच पितृछत्र हरपले. परंतु मातेने त्यांना शिकविले. एल्फिन्स्टन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले.

पुढे विलायतेत राहून त्यांनी देशाचे उत्पन्न मोजावयास घेतले. प्रत्येक प्रांतातील लागवडीची जमीन, पीक व भाव यांचे आकडे त्यांनी सरकारी अहवालांतूनच निवडले. लहानमोठ्या जिल्ह्यांचे आकडे सरसकट मिळवून सरासरी काढणे चूक आहे, हे त्यांनी दाखविले. जेथे जमीन अधिक, तेथील पिकास महत्त्वही अधिक दिले. तेव्हा १८६७-६८ या वर्षी माणशी उत्पन्न अवघे २० रुपये भरले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार याहून अधिक खर्च करीत असे!

१८९२ साली दादाभाई ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झाले. तेथेही त्यांनी हिंदी रयतेचे दारिद्र्य निर्भयपणे मांडले. १९१७ साली ते निवर्तले. १९४९ साली स्वतंत्र भारताने राष्ट्रीय उत्पन्न मोजण्यासाठी समिती नेमली. त्या कार्याचा पाया दादाभाईंनी एकट्याने घातला होता.